पाणी तं देतेत ना?

22 सप्टेंबर 2024. रविवार, दुपारचे बारा. चिखलीत बहिणीच्या घरी चटईवर तीन मोबाइल आणि एक लॅपटॉप मांडलेला, मध्ये भाची. कोल्डप्ले या बँडची तिकिटं बाराला सुटायची होती. बारा वाजून एक मिनिटानं रांगेतला नंबर आला. सहा आकडी. तिनं तो वाचून दाखवला नाही, नुसता मोबाइल माझ्याकडे फिरवला. बॅटऱ्या उतरेपर्यंत ती तिथून उठली नाही.

तिकीट मिळालं नाही.

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 18 आणि 19 जानेवारीला दोन मैफली, मग त्याच दुपारी वाढवलेली 21 जानेवारीची तिसरी. एकाला जास्तीत जास्त चार तिकिटं. बघता बघता सगळं संपलं आणि तीच तिकिटं दुसऱ्या वेबसाइटांवर लाखांच्या भावानं दिसू लागली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं काळ्या बाजाराची चौकशी लावली. भाचीला त्या चौकशीतून काही मिळणार नव्हतं. 26 जानेवारीला अहमदाबादची मैफल मोबाइलवर थेट दाखवली, ती तिनं गच्चीवर शाल पांघरून पाहिली. रेंज दोनदा गेली.

स्वस्तातलं तिकीट अडीच हजार, महागातलं पस्तीस हजार. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि आमच्याकडच्या बाजारात तेवढाही हाती पडत नव्हता. म्हणजे सगळ्यात स्वस्त जागा अर्ध्या क्विंटलची, सगळ्यात महाग सात क्विंटलांची. भाचीनं शिकवण्या घेऊन पैसे जमवले होते. ‘एवढे पैसे गाण्यावर?’ असं विचारणारे नातेवाईक आमच्याकडेही आहेत. त्यांना मी त्याच दिवशी सांगितलं, आपल्या लग्नांत एका रात्रीच्या डीजेवर याच्या कितीतरी पट उडतात आणि ते गाणं कुणी ऐकत नाही. ही पोरगी ऐकायला जाणार होती.

माझं भांडण दराशी नाही. अडीच हजारवाला माणूस गेटच्या आत गेला की त्याला जसं वागवलं जातं, त्याच्याशी आहे. आणि हे भांडण बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसानं भांडावं असं मला फार मनापासून वाटतं.

गच्चीवरून खाली आल्यावर भाची म्हणाली, “मामा, तुम्ही तं खरंखुरं पाह्यलं ना? सांगा ना कसं असते.”

सांगितलं.

1 फेब्रुवारी 2008, शुक्रवार. आयर्न मेडन. खामगावात तेव्हा हे नाव माहीत असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातले आम्ही तिघं. अकोल्याहून आणलेल्या कॅसेटी आम्ही एकमेकांच्या घरी फिरवायचो, फीत सैल पडली की पेन्सिल घालून गुंडाळायचो. 1975 साली स्टीव्ह हॅरिसनं पूर्व लंडनमध्ये उभा केलेला हा बँड. हॅरिस बेस वाजवतो आणि गाणं पुढं ओढतो तोच. बाकीच्या बँडांत बेस मागं असतो, इथं तो घोड्यावर बसल्यासारखा पुढं धावतो. आमच्यापैकी कुणालाही इंग्रजी धड येत नव्हतं, पण त्या बेसची चाल तिघांनाही पाठ होती.

त्या वर्षी त्यांनी जगाच्या दौऱ्याची सुरुवात मुंबईतून केली. सगळं सामान आणि सगळी माणसं एका बोइंग 757 विमानात भरून, आणि विमान चालवायला त्यांचाच गायक ब्रूस डिकिन्सन. या दौऱ्यावर पुढं ‘फ्लाइट 666’ नावाचा माहितीपट निघाला, त्यात मुंबई आहे. मी तो किती वेळा पाहिला याचा हिशेब ठेवलेला नाही. गर्दीवरून कॅमेरा फिरतो तेव्हा मी अजून स्वतःला शोधतो.

निघायच्या दिवशी माय भाकरी बांधत होती.

“उभंच राहा लागते?”

“हो.”

“किती वेळ?”

“पाच-सहा तास.”

“अन् पाणी तं देतेत ना तिथं?”

“देतात वो,” मी म्हणालो. मला माहीत नव्हतं. विचारायचं असतं हेही माहीत नव्हतं.

खामगावहून शेगाव, शेगावहून रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस. जिल्ह्याच्या मुख्य गावाला, बुलढाण्याला, रेल्वेच नाही. तिथल्या माणसाला आधी मलकापूर गाठावं लागतं. खामगावला जलंबहून येणारा एक छोटा फाटा आहे आणि खामगाव-जालना मार्गाची मागणी आमच्या आजोबांच्या वेळेपासूनची. असो. सकाळी सीएसटीला उतरलो. दुपारी वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानाबाहेर काळ्या टी-शर्टांची रांग पाहिली आणि आम्ही तिघंही बोलायचे थांबलो. केरळचे होते, बंगळूरचे होते, ईशान्येकडचे होते. चोवीस वर्षांचा होईपर्यंत मला वाटायचं, हे गाणं ऐकणारे जगात आम्हीच तिघं.

आता मूळ गोष्ट. लोक विचारतात, घरी हेडफोनवर जास्त स्वच्छ ऐकू येतं, मग कशाला जायचं? जायचं, कारण हेडफोनमध्ये गाणं कानात येतं आणि मैदानात ते बरगड्यांत येतं. निको मॅकब्रेनच्या मोठ्या ढोलाचा पहिला ठोका पडला तेव्हा माझ्या शर्टाचं कापड हललं. डेव्ह मरे, एड्रियन स्मिथ, यानिक गर्स, तीन गिटारी एकाच वेळी. कॅसेटवर त्या मला कधी वेगळ्या काढता आल्या नव्हत्या. तिथं डोळे मिटूनही कळत होतं, कोणती डावीकडून येतेय, कोणती उजवीकडून. स्टेज सगळं इजिप्तचं. ‘पॉवरस्लेव्ह’ या 1984च्या अल्बमच्या चित्रासारखं. आणि मग ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’, कोलरिजच्या 1798च्या कवितेवरचं तेरा मिनिटांहून लांब गाणं. समुद्राच्या मधोमध प्यायच्या पाण्यावाचून तडफडणाऱ्या खलाशांची गोष्ट. गाण्याच्या मध्यावर सगळं थांबतं, नुसती जहाजाची लाकडं करकरल्यासारखा आवाज उरतो, आणि हजारो माणसं श्वास धरून उभी राहतात. एकही शिट्टी नाही. एवढ्या गर्दीतली शांतता मी त्याआधी फक्त एकाच ठिकाणी अनुभवली होती. ते ठिकाण पुढं येतंच.

‘फिअर ऑफ द डार्क’ला गिटारीची धूनच लोक गातात. शब्द नाहीत, नुसता सूर. माझ्या शेजारी एक साठीचे पारशी वाटणारे गृहस्थ होते, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही दोघांनी तो सूर शेवटपर्यंत ओढला. नाव विचारायचं राहिलं.

त्या रात्री मला तहान लागल्याचं आठवत नाही. रात्र सीएसटीच्या फलाटावर काढली, सकाळच्या गाडीनं परतलो आणि माय दारात विचारेपर्यंत तिचा प्रश्न मी विसरलो होतो.

तो आठवला काही वर्षांनी. दुसरं शहर, दुसरा बँड. गेटवर पिशव्या तपासल्या आणि पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या. बाटली स्टेजवर फेकली जाऊ शकते, ते समजण्यासारखं आहे. आत पाणी असायला हवं होतं. आत पाण्याचा एक स्टॉल होता आणि त्याच्याआधी कुपनची वेगळी रांग. एप्रिलची दुपार. स्टेजसमोरची जागा एकदा सोडली की परत मिळत नाही, म्हणून पोरं रांगेत गेलीच नाहीत. ओठ चाटत उभी राहिली. दोघींना माझ्यासमोर चक्कर आली.

खरी गोष्ट मात्र शेवटी झाली. मैफल संपली, सगळे एकाच वेळी निघाले, आणि ज्या गेटनं आलो तेवढंच उघडं. तेही अर्धं. पुढच्यांना वाटलं मागचे ढकलतात, मागच्यांना वाटलं पुढचे हलत नाहीत. एका क्षणी माझे पाय जमिनीला लागत नव्हते. हात छातीशी दुमडलेले, ते खाली घेता येईनात. ओरडायला हवा आत घ्यावी लागते आणि हवा घ्यायला छाती फुगावी लागते. छातीला जागाच नव्हती. शेजारी एक मुलगी होती, भाचीच्या आजच्या वयाची. कुणीतरी तिला काखेत धरून वर उचललं आणि डोक्यांवरून पुढं सरकवलं. मग गेटचा दुसरा पल्ला उघडला. कुणी उघडला ते कळलं नाही. सगळे बाहेर पडले, दुसऱ्या दिवशी पेपरात एक ओळ नव्हती.

घरी आल्यावर मी हे वाचायला घेतलं. गर्दीचा अभ्यास करणारे सांगतात, एका चौरस मीटरात चार माणसं उभी असली तर माणूस अजून स्वतःच्या मर्जीनं पाय टाकू शकतो. सहा-सात झाली की गर्दी माणसांची राहत नाही, पाण्यासारखी होते. तिच्यात लाटा उठतात. लाट कुठून आली हे त्यातल्या कुणालाच कळत नाही आणि अडवणं कुणाच्याच हातात नसतं. अशा गर्दीत माणसं बहुतेक वेळा तुडवली जाऊन मरत नाहीत. उभ्या उभ्या गुदमरतात. ‘चेंगराचेंगरी’ हा आपला शब्द वाचला की डोळ्यांसमोर बेफाम धावणारे लोक येतात आणि दोष त्यांच्यावर जातो. बातमीत ‘गर्दी अनावर झाली’ असं छापून येतं. गर्दी अनावर होत नसते. तिला अनावर होण्याइतकी कमी जागा कुणीतरी दिलेली असते.

3 डिसेंबर 1979. अमेरिकेतलं सिनसिनाटी, रिव्हरफ्रंट कलोसियम, ‘द हू’ या बँडची मैफल. बहुतेक तिकिटांवर खुर्चीचा नंबर नव्हता, जो आधी आत जाईल त्याला पुढची जागा. थंडीत तासन् तास लोक दारांबाहेर. आतून वाद्यं जुळवल्याचा आवाज आला, बाहेरच्यांना वाटलं सुरू झालं. दारं पुष्कळ होती, उघडलेली मोजकी. त्या दारांपाशी अकरा जण गेले. बँडला मैफल संपेपर्यंत कुणी सांगितलं नाही, ते वाजवत राहिले. त्या शहरानं नंतर बिननंबरी जागांवर बंदी घातली आणि 2004मध्ये ती उठवली.

आपल्याकडे 25 नोव्हेंबर 2023ला कोचीच्या विद्यापीठात गाण्याच्या कार्यक्रमाआधी पाऊस आला, बाहेरचे आडोशाला आत धावले, उतरत्या पायऱ्यांवर चार जीव गेले. 4 जून 2025ला बंगळूरच्या चिन्नास्वामी क्रिकेट स्टेडियमच्या गेटांबाहेर अकरा. आणि मांढरदेवीच्या काळूबाईची यात्रा, 25 जानेवारी 2005, अडीचशेहून अधिक. रॉक असो, क्रिकेट असो की काळूबाई, अरुंद वाट माणूस कशासाठी आला हे विचारत नाही.

आता गर्दीतल्या शांततेचं ते ठिकाण. शेगाव.

2011च्या जनगणनेत साधारण साठ हजार वस्तीचं गाव. माघ वद्य सप्तमीला, गजानन महाराजांच्या प्रकट दिनाला, या गावात लाखो माणसं येतात. शेकडो दिंड्या येतात, पायी. तिकीट नाही. कुणाला परत पाठवायची सोय नाही. आणि तरीही मी लहानपणापासून त्या रांगेत उभा राहिलो, तिथं माझे पाय कधी जमिनीवरून सुटले नाहीत.

ते का, हे मी मैफलीतला तो प्रसंग होईपर्यंत पाहिलंच नव्हतं. नंतर मुद्दाम गेलो आणि डोळे उघडे ठेवून रांगेत उभा राहिलो. रांग वळणावळणानं जाते, त्यामुळे मागचा जोर पुढच्यापर्यंत सरळ पोहोचत नाही, प्रत्येक वळणावर जिरतो. वाट एकेरी. आत जाणारा आणि बाहेर येणारा समोरासमोर येतच नाहीत. डोक्यावर छत. टेकायला जागा. ज्याला समाधीपर्यंत जायला वेळ नाही त्याच्यासाठी मुखदर्शनाची वेगळी रांग, म्हणजे घाईतला माणूस सवडीच्या माणसाला ढकलत नाही. आणि पाणी. पाण्याकडे तुम्हाला जावं लागत नाही, पाणी तुमच्याकडे येतं. जागा सोडायची भीती नाही म्हणून म्हातारी माणसं पितात. मायसारखी, जी एरवी लघवीला जावं लागेल म्हणून प्रवासात दिवसभर तहानलेली बसते. कारण शौचालयही जवळ आहे आणि ते स्वच्छ आहे. पाण्याचा प्रश्न तिथपर्यंत जातो, हे बायकांना विचारा.

पांढऱ्या कपड्यांतला सेवेकरी थोड्या थोड्या अंतरावर उभा. तो शेतकरी असतो, शिक्षक असतो, दुकानदार असतो. आपली पाळी आली की येतो, पैसा घेत नाही. तो हात लावून ढकलत नाही. “माउली, पुढं चला” म्हणतो. लहान पोराला माउली, दारूचा वास येणाऱ्यालाही माउली. एकदा मी मेडनचा टी-शर्ट घालून गेलो होतो, त्यावर बँडचा तो सांगाड्यासारखा शुभंकर एडी, दात विचकलेला. पुढचे दोघे-तिघे वळून पाहत होते. सेवेकऱ्यानं चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “माउली, इकडून.” मला त्या क्षणी मैफलीतलं गेट आठवलं. तिथं तिकीट काढून आलेल्या माणसाला “ए, पीछे हट” म्हणून दंडुक्यानं लोटत होते.

ही घडी शेगाव संस्थानाचा कारभार पाहणाऱ्या शिवशंकरभाऊ पाटलांनी अनेक वर्षं खपून बसवली. 4 ऑगस्ट 2021ला ते गेले. घडी तशीच चालू आहे. त्यांच्यावर व्यवस्थापनाच्या लोकांनी भरपूर भाषणं केलीत. मैफलीच्या आयोजकांपैकी कुणी शेगावच्या रांगेत दोन तास उभं राहून नोंदी घेतल्या असतील, असं मैफलींची गेटं पाहून वाटत नाही.

मला उत्तर मिळेल, तिथं भक्ती आहे, इथं पोरं नाचायला येतात. हे उत्तर मला मान्य नाही. वळणाची रांग भक्तीनं बनत नाही, लोखंडी नळ्यांनी बनते. एकेरी वाट नकाशावर आखावी लागते. फुकट सेवेकरी मिळत नसतील तर पगारी ठेवा, सात क्विंटलांचं तिकीट विकता ना. त्यांना आठ दिवस आधी शिकवा, अंगात जाकीट घालून त्याच सकाळी उभे करू नका.

आणि मैफलीच्या धंद्याला शेवटच्या माणसाची काळजी घेता येत नाही असंही नाही. एका बाबतीत तो ती इतकी बारकाईनं घेतो की ऐकून थक्क व्हाल. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. स्टेजपासून शंभर मीटर मागं उभ्या माणसाला ढोलावर पडलेली काठी आधी दिसते आणि ठोका सेकंदाचा जवळपास तिसरा हिस्सा उलटल्यावर ऐकू येतो. म्हणून मैदानाच्या मध्यावर स्पीकरांचे आणखी मनोरे उभारतात. पण त्यांतून आवाज लगेच सोडला तर मागच्याला एकच ठोका दोनदा ऐकू येईल, आधी मनोऱ्यातला, मग स्टेजवरचा. म्हणून मनोऱ्यातला आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, मिलिसेकंद मोजून. हवा गरम झाली की आवाजाचा वेग बदलतो, तर तोही हिशेबात घेतात. हे सगळं कुणासाठी? सगळ्यात स्वस्त तिकीटवाल्या, सगळ्यात मागच्या माणसाच्या कानासाठी. त्या ध्वनी-तंत्रज्ञांना माझा मनापासून नमस्कार आहे. त्याच माणसाच्या कानासाठी मिलिसेकंद मोजता, मग त्याच्या घशासाठी पावलं मोजा. पन्नास पावलांत पाणी. एवढंच मागतोय.

कोल्डप्लेनं या दौऱ्यात कर्णबधिर प्रेक्षकांना अंगात घालायची कंप पावणारी जाकिटं दिली, ज्यांतून त्यांना गाणं पाठीवर जाणवतं. मनगटावरचे दिव्यांचे पट्टे परत गोळा केले, पुढच्या मैफलीत वापरले. बँडला शेवटचा माणूस दिसतो. मधल्या लोकांना दिसत नाही.

28 जानेवारी 2025ला, म्हणजे अहमदाबादची मैफल होऊन दोनच दिवस झाले होते, पंतप्रधान भुवनेश्वरच्या उद्योग परिषदेत ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’बद्दल बोलले. कोल्डप्लेचं उदाहरण दिलं, राज्यांनी सोयी उभाराव्यात म्हणाले. मला आनंद झाला. गाण्याला दिल्लीनं उद्योग म्हणावं, हे चांगलंच. पण त्या सोयींच्या यादीत हॉटेलं आणि विमानतळ आधी लिहिले जातील आणि रात्रीची गाडी शेवटी, हे मला दिसतंय. विदर्भ एक्स्प्रेस मुंबईहून संध्याकाळीच सुटते, मैफल रात्री दहाला संपते. अहमदाबादच्या दोन दिवसांसाठी पश्चिम रेल्वेनं मुंबईहून खास गाड्या सोडल्या होत्या. म्हणजे सोडता येतात. मध्यरात्री एक गाडी भुसावळ, मलकापूर, शेगाव, अकोला अशी सोडून बघा. ती कोण भरतं ते त्या रात्री कळेल. आमच्याकडची पोरं मुंबईत फलाटावर झोपून घरी येतात, पोरी तर त्यामुळे येतच नाहीत. चिखलीतल्या आई-बापांचा गाण्याला विरोध नसतो. “रातच्याला कुठं थांबशीन?” या प्रश्नाला उत्तर नसतं.

परवानगी देणाऱ्या कार्यालयांनाही माझं सांगणं आहे. अर्जात स्टेजची उंची विचारता, आवाजाची मर्यादा विचारता. बाहेर पडायच्या दारांची रुंदी विचारा. मैफल संपायच्या पंधरा मिनिटं आधी ती सगळी दारं पूर्ण उघडी असतील, असं लिहून घ्या, आणि त्या वेळी जागेवर जाऊन बघा. मी ज्या गेटमध्ये अडकलो होतो त्याचा दुसरा पल्ला नुसत्या कडीनं बंद होता. कुलूपही नव्हतं.

यंदा भाचीला तिकीट मिळालं. कोल्डप्लेचं नव्हे, तिच्या दुसऱ्या एका लाडक्या बँडचं. मुंबईतच. स्टँडिंग. तिची मैत्रीण मलकापूरची, दोघी मिळून जाणार, राहायला मैत्रिणीची मावशी ठाण्यात आहे, म्हणून बहीण तयार झाली. मी तिला गेटं कुठं असतात ते आधी बघून ठेवायला सांगितलं. बॅरिकेडला चिकटून उभी राहू नको, कडेला राहा. छातीपुढं कोपर धरायला शिकवलं, चटईवर, जिथं ते तीन मोबाइल मांडले होते तिथंच. ती हसत होती, पण दोनदा करून दाखवलं तिनं.

निघायच्या आधी खामगावला आली. माय आता अठ्ठ्याहत्तरची. तिनं आतून स्टीलची बाटली भरून आणली आणि भाचीच्या पिशवीत घालायला लागली.

“आजी, ते गेटवर काढून घेतेत,” भाची म्हणाली.

“पाण्याची?”

“हो.”

माय थोडा वेळ बाटली हातात धरून उभी राहिली. मग तिनं झाकण काढलं, फडताळातला पेला घेतला, काठोकाठ भरला आणि नातीपुढं धरला.

“मंग इथंच पिऊन जाय.”

भाचीनं उभ्यानं तो पेला संपवला. मायनं दुसरा भरला.